थांबवलेल्या खेळांची वही

सोनपेठ
३० ऑक्टोबर २०२३

चि. सौ. राजेश्री हिस,

अनेक आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या लेकीने, वैष्णवीने, माझा नंबर बंद करून टाकला आहे. आणि दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की, २० नोव्हेंबरला, आदिनाथचे कागद ठाण्यातून कोर्टात जाणार आहेत. म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. नाहीतर साठी उलटल्यावर भावजयीला पत्रं लिहीत बसण्याची मला हौस नाही.

मुद्दा एकच आहे. ९ ऑक्टोबरला आदिनाथ प्यायलेला नव्हता.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला तो माझ्याकडे आला. भाकरी खाल्ली, चहा घेतला, रोजचा खेळ खेळला आणि आठच्या सुमारास ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडून सितारामच्या शेतावर गेला. अकराच्या आत मळणीच्या कामाला आलेल्या सुलाबाईचा हात यंत्रात गेला. मधल्या वेळात तो कुठेही गेला नाही. सिताराम आणि चार बाया साक्षीला आहेत.

तरीही दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारल्यावर तो म्हणाला, "क्वार्टर मारली होती साहेब, ध्यान राहिलं न्हाई." मी शेजारीच उभी होते. आदल्या दिवशी सगळे सुलाबाईला घेऊन परभणीला धावले होते, त्यामुळे दारूची तपासणी कुणाचीच झाली नव्हती. त्याने सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

तू तुझ्या आईला बघायला येलदरीकडे गेली होतीस. तिथेच तुला ही बातमी कळली आणि तू परत आली नाहीस. तुझ्या वडिलांच्या पिण्यापायी तुमच्या घराने काय सोसलं ते मला माहीत आहे. लग्नाच्या बैठकीत तू एकच प्रश्न विचारला होतास, तोही माझ्यामार्फत: मुलगा पितो का? मी नाही म्हणून सांगितलं होतं. आजही तेच सांगते.

सुलाबाईचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. हे तुला कळलं असेलच.

तुझ्या भावाकडून, हरिओमकडून, असंही कळलं की तू सगळा दोष माझ्या खेळांना देतेस. हे बरोबर नाही. वाढत्या वयात लक्ष सुधारावं म्हणून असे खेळ मोठमोठी माणसं खेळतात. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि वैष्णवीने तिच्या टॅबवर घालून दिले. १२ जूनपासून १२० दिवस, रोज चाळीस मिनिटं, एकही खाडा नाही. चौथ्या पातळीवरून तो सदतिसाव्या पातळीवर गेला. इतकी प्रगती मी शिष्यवृत्तीच्या मुलांमध्येही क्वचित पाहिली आहे. खेळांचा आणि अपघाताचा संबंध नाही.

तू ये आणि ठाण्यात सांग की नवरा पीत नाही. बायकोच्या शब्दाला वजन असतं. माझं म्हणणं ते ऐकत नाहीत, कारण मी बहीण.

तुझी नणंद,
दैवशाला


सोनपेठ
६ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. राजेश्री हिस,

हरिओमच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ आहे: "दारू नव्हती तर मंग काय होतं, ते तुमाला म्हाईत हाय." शाळेत एवढं नेमकं उत्तर लिहिणारी मुलं थोडी असायची. मला माहीत आहे. पाच दिवसांपासून नक्की माहीत आहे.

सुलाबाईला बघायला मी आदिनाथला परभणीच्या दवाखान्यात नेलं होतं. तो वॉर्डाच्या दारापर्यंत गेला, आत गेला नाही. दारातच थांबला आणि चौकटीवर बोटाने टक टक करत राहिला. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "आदिनाथ, लक्ष कुठंय?" तिथली एक नर्स थांबली. तिने त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला, आपल्या घड्याळात बघितलं आणि मला म्हणाली, "मावशी, ह्यांना रागावू नका. ही फिट आहे." मी म्हणाले, फिट आली की माणूस पडतो, तोंडाला फेस येतो. ती म्हणाली, "सगळ्यांनाच तसं होत नसतं."

१ तारखेला नांदेडला नेलं. डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढली. डॉक्टर वयाने वैष्णवीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. त्याने सांगितलं की मेंदूत काही सेकंद गडबड होते. डोळे उघडे असतात, माणूस बसलेला किंवा उभा असतो, हात आपोआप काहीतरी चाळा करत राहतो. पण तेवढा वेळ तो माणूस तिथे नसतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. "हा लक्ष देण्याचा प्रश्नच नाही बाई. सराव करून हे जात नाही. गोळीने थांबतं, बहुतेकांचं थांबतं."

गोळी त्याच दिवशी सुरू केली. सकाळी एक, संध्याकाळी एक.

आता जूनमधलं लिहिते. तू माझ्या ओसरीत उभी राहून म्हणाली होतीस, "अक्का, ह्यांचे डोळे उघडे ऱ्हातेत अन माणूस घरात नसतोय. परभणीला दाखवू." तू चहाचं सांगितलंस: कप भरला, बशी भरली, चहा जमिनीवर आला आणि हा ओततच राहिला. डॉक्टरने जे सांगितलं ते तू त्याच शब्दांत पाच महिने आधी सांगितलं होतंस. मी काय म्हणाले तेही लिहिते, म्हणजे दोघींच्याही लक्षात एकच राहील. मी म्हणाले, "सातवी शिकलेल्या बाईनं लक्ष म्हणजे काय ते मला शिकवू नये. छत्तीस वर्षं वर्गात मी तेच बघितलंय." आई गेली तेव्हा आदिनाथ सहा वर्षांचा होता. मी त्याला वाढवलं, पाढे पाठ करून घेतले. तो धांदरट आहे हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

खेळ तू पाहिलेला नाहीस. पडद्यावर पाच पाखरं येतात. मधल्या पाखराचं तोंड जिकडे असेल तिकडे बोट दाबायचं. बाजूची चार नुसती फसवायला असतात. आदिनाथ आधी कुरकुरायचा. "पन्नाशीला आलो अक्का, अन पाखरांची तोंडं बघायलोय. त्यातलं एक तरी पिकावर येऊन बसतंय का?" मी म्हणायचे, "बोलू नकोस, खेळ." तो खेळायचा. सहा वर्षांचा असताना जसा ऐकायचा, तसाच ऐकायचा.

पहिल्याच आठवड्यात खेळता खेळता तो थांबला. पाखरं येत होती, जात होती, हा बघत होता. गुण कापले जायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात खेळ थांबवायचं बटण असतं. ते मी दाबलं. परीक्षेत एखाद्या मुलाचं पेन अडलं तर मी त्याला तेवढा वेळ वाढवून देत असे, त्यातलंच हे. तो भानावर आला की मी पुन्हा सुरू करायचे. थांबवलेला वेळ खेळ मोजत नाही.

राजेश्री, हे नीट समजून घे, मला फार उशिरा समजलं. आदिनाथ जेव्हा जागेवर होता, तेवढ्याच वेळाचे गुण मी त्याला देत गेले. तो नसायचा तेव्हा मी घड्याळच थांबवत होते. गुण वाढणारच होते.

आणि थांबवलेल्या पडद्यावर त्याचं बोट दाबतच राहायचं. तिथे पाखरू नसायचं, काहीच नसायचं. मी बाजूला बसून सेकंद मोजायचे.

त्या मोजणीच्या नोंदी आता राहिलेल्या नाहीत. डॉक्टरने मागितल्या होत्या. तो म्हणाला, जुन्या लेखी नोंदी असतील तर हा आजार अपघाताच्या आधीपासून होता असं लिहून देता येईल. नुसत्या सांगण्यावरून देता येणार नाही. ते प्रमाणपत्र असतं तर आदिनाथचा जबाब बदलता आला असता.

त्याने दारूचं का सांगितलं ते मी नांदेडहून परत येताना बसमध्ये विचारलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "दारुड्या म्हणलेलं चालतंय अक्का. पर येडा झाला, फेफरं हाय म्हणलं की वैष्णवीला कोण करून घेतंय? मला काय झालंय ते मला बी कळत नव्हतं. दारू तर सगळ्यायला कळती."

तो जेवत नाही. तुरुंगात जायची तयारी करतो आहे, दोन सदरे धुऊन घडी घालून ठेवले आहेत. तू ये.

दैवशाला


सोनपेठ
१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा

चि. सौ. राजेश्री,

काल दुपारी वैष्णवीचा फोन आला. दिवाळीचं काही बोलली नाही. "आत्या, आई इचारायली, चावी कुणी दिली?" एवढंच म्हणाली आणि उत्तराची वाट बघत राहिली. मागे तुझा श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, पत्रात लिहिते.

चावी मी दिली.

ट्रॅक्टरची चावी तू ज्वारीच्या कोठीत तळाला घातली होतीस. यंदा मळणी करणार नाही अशी वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवून तू आदिनाथकडून शपथ घेतली होतीस. तुला वाटतं की तू घरातून गेल्यावर त्याने कोठी उपसली, शपथ मोडली, वर दारूही प्यायला. त्याने कोठीला हात लावला नाही. ९ तारखेला सकाळी सिताराम माझ्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, ढग दाटायलेत. सोयाबीन काढून पडलंय. आदिनाथला पाठवा, दुसरं यंत्र आठ दिवस मोकळं न्हाई." आदिनाथ म्हणाला, "न्हाई अक्का, मी पोरीची शपथ खाल्लीय." मी त्याला म्हणाले की शपथ तू बरा नसतानाची आहे, आता तू सदतिसाव्या पातळीवर आहेस. सितारामला म्हणाले, "आता काही काळजी नाही, मी स्वतः तपासलंय." मग तुझ्या घरात जाऊन कोपरापर्यंत हात ज्वारीत घालून चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. तो माझ्या शब्दाबाहेर कधीच गेलेला नाही. हा त्याचा गुण आहे असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले.

आता दुसरं. मागच्या पत्रात नोंदी राहिलेल्या नाहीत असं लिहिलं, ते खोटं होतं.

खेळासाठी ठेवलेल्या वहीत पुढून मी निळ्या शाईने गुण लिहायचे, आणि मागून लाल शाईने थांबवलेला वेळ. तारीख, वाजले किती, सेकंद किती, हात काय करत होता. चूक दिसली की लाल शाईत लिहायची, ही सवय. त्या चुकांचं काय करायचं ते मात्र ठरवलं नाही. वही पुढून उघडायचे, लोकांनाही पुढूनच दाखवायचे. पोलीस येऊन गेले त्या रात्री मी मागची अकरा पानं फाडली. जाळली नाहीत. घरात ठेवायलाही धीर होईना, म्हणून पर्समध्ये ठेवली. नांदेडच्या डॉक्टरने "किती दिवसांपासून होतंय, साधारण किती वेळा?" असं विचारलं, तेव्हा पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हणाले, आठवत नाही. आदिनाथ माझ्याकडे बघत होता. मी रोज लिहायचे हे त्याला माहीत होतं.

सत्त्याऐंशी नोंदी आहेत. सर्वांत मोठी एकेचाळीस सेकंदांची. शेवटची ९ ऑक्टोबरची आहे: "७.१०. २६ सेकंद. उजवा हात पुढे-मागे." त्यानंतर पाऊण तासाने मी चावी दिली.

ही पानं ठाण्यात गेली तर आदिनाथ सुटेल की नाही ते मला सांगता येणार नाही. पण तो प्यायलेला नव्हता हे सिद्ध होईल, आणि आजार माहीत असून त्याला यंत्रावर पाठवणारी मी होते हेही. म्हणून पाच आठवडे मी गप्प होते. तो दारुड्या ठरत होता आणि मी गावाच्या नजरेत शाळेच्या बाईच राहत होते. तुला "ये, साक्ष दे" म्हणून लिहीत होते ते त्यासाठीच. तुझ्या शब्दावर भागलं असतं तर पानं काढायची वेळ आली नसती.

माझं मन तुझ्या फोनने बदललं असं समजू नकोस. त्याच्या आदल्या दिवशी मी सुलाबाईकडे गेले होते.

त्यांची मेंढरं सध्या नदीकडच्या रानात बसवलेली आहेत. पालाबाहेर तिचा नवरा येडबा दोरी वळत होता. मला बघून म्हणाला, "या बाई. दिवाळीचं आलात, फराळ न्हाई आमच्याकडं." सुलाबाई आत भिंतीला नाही, पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. मी सफरचंदं नेली होती, ती पिशवी कुठे ठेवावी ते मला कळेना. तिच्या हातात द्यायची सवय असते ना आपल्याला.

तब्येतीचं विचारून झालं. मग ती म्हणाली, "बाई, तुमाला एक इचारू? लय दिस झालं इचारायचंय. येंत्रात पेंडी अडकली. आदिनाथ दादानं दांडा वढला, येंत्र थांबलं. म्या हात घातला. आपल्यात अडकलं की चालवणाऱ्यानं खाली उतरायचं असतंय, तसा त्यो उतरायला बी लागला. मंग तिथंच थांबला. माझ्याकडं बघत व्हता, बाई. समोर बघत व्हता. म्या वरडले, माझा हात हाय, दादा. बघून दांडा फुडं केला त्यानं. डोळ्याला डोळा व्हता. म्या त्याचं काय वाकडं केलं व्हतं?"

येडबा बाहेरून म्हणाला, "सुले, पिलेला व्हता त्यो."

"पिला की माणूस झुकतंय," ती म्हणाली. "त्यो सरळ व्हता. मला बघत व्हता. कामून केलं आसंल?"

राजेश्री, पाच आठवडे ती बाई हाच प्रश्न घेऊन पडून आहे. हात गेल्यापेक्षा तिला ह्याचं जास्त लागलं आहे, की एका ओळखीच्या माणसाने तिच्याकडे बघत तिचा हात तोडला. उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. पर्स तिथेही मांडीवरच होती.

मी पानं काढली आणि वाचून दाखवली. सगळी. तारीख, वेळ, सेकंद. "डोळे उघडे, हाकेला ओ नाही." "बोट चालू." "हात पुढे-मागे." डॉक्टरने सांगितलं तेही सांगितलं. त्याने तुला बघितलंच नाही, डोळे नुसते उघडे होते, हे तीनदा सांगावं लागलं. येडबाची दोरी थांबली होती.

सुलाबाईने शेवटी विचारलं, "म्हंजी तुमी रोज बघत व्हताव?"

मी हो म्हणाले.

"तुमी तर शुद्धीत व्हताव, बाई."

तिने तोंड फिरवलं. येडबाने सफरचंदांची पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली. मी आले.

गोळी सुरू होऊन आज चौदा दिवस झाले. या चौदा दिवसांत आदिनाथ एकदाही तसा थांबलेला नाही. जूनमध्ये तुझं ऐकलं असतं तर जूनपासून थांबला नसता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण उद्या कुणी म्हणेल की बाईंनी भावासाठी किती केलं.

शुक्रवारी मी ठाण्यात जाते आहे. तू ये असं या वेळी लिहीत नाही. तुला यायचं असेल तर ते आदिनाथसाठी असेल, माझ्या पत्रामुळे नको. पानं देण्याआधी काय काय देते आहे त्याचा कागद करून ठेवीन आणि त्याची एक प्रत तुला पोचती करीन.

दैवशाला


सोनपेठ
१७ नोव्हेंबर २०२३

सुपूर्द केल्याची नोंद

देणार: दैवशाला, सेवानिवृत्त शिक्षिका (गणित), वय ६६, राहणार सोनपेठ.

तपास अधिकाऱ्यांकडे आज सकाळी ११.२० वाजता दिलं:

एक वही, दोनशे पानी. पुढून निळ्या शाईतल्या १२० नोंदी, १२ जून ते ९ ऑक्टोबर. मागून फाडलेली अकरा सुटी पानं, लाल शाईत, ८७ नोंदी, क्रमाने लावून. पानं मी स्वतः फाडली, असं पहिल्या पानावर लिहून सही केली आहे.

टॅब एक, चार्जरसह. तो वैष्णवीचा आहे. तपास झाल्यावर तिला परत द्यावा, ही विनंती.

माझा लेखी जबाब, तीन पानं. मजकूर थोडक्यात: आदिनाथ प्यायलेला नव्हता, त्याला झटके येतात हे मी रोज पाहिलं आणि लिहिलं, त्याच्या पत्नीने दवाखान्यात नेण्यास सांगितलं असता मी अडवलं, चावी मी काढून दिली. साहेबांनी विचारलं, "हे लिहून तुमचं काय होईल ते कळतं ना बाई?" कळतं असं सांगितलं. तसं त्यांनी खाली लिहून घेतलं.

आदिनाथने आधीचा जबाब मागे घेतला. सांगताना तो खाली बघत होता. हरिओम त्याच्याबरोबर होता. राजेश्री ठाण्याच्या बाहेर, गाडीत बसून होती. ट्रॅक्टरची चावी तिच्या हातात दिली. तिने घेतली. माझ्याशी बोलली नाही. आदिनाथ त्या गाडीतून गेला, गोळ्यांची चिठ्ठी आणि महिन्याच्या गोळ्या त्याच्याबरोबर दिल्या.

नांदेडच्या डॉक्टरांना अकरा पानांची झेरॉक्स स्पीड पोस्टाने, पावती जोडली आहे.

अकरा पानांची दुसरी झेरॉक्स सुलाबाई येडबा यांना, दुपारी तीन वाजता, त्यांच्या पालावर जाऊन दिली. हा कागद त्यांच्याजवळ असणं हा त्यांचा हक्क आहे असं मी सांगितलं. येडबाने कागद घेऊन सुलाबाईसमोर धरला. सुलाबाईंना वाचता येतं. त्यांनी पूर्ण वाचला.

मिळाल्याची सही: सुलाबाई यांना १९९२ च्या साक्षरता वर्गात मीच सही शिकवली होती. आज उजवा हात नसल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.